आंबेमुऱ्याची शीव

"पाठीवरची बॅग कुणाच्याही हातात द्यायची नाही," निंबाळकर भोंग्यातून तिसऱ्यांदा सांगत होते. "पाणी प्या, गावकऱ्यांनी काही खायला दिलं तर खा. पण ओझं आपलं आपण वाहायचं. वाटेत आपली माणसं मदतीला उभी केलेली दिसली, तर तिथल्या तिथं बाद. मग रडायचं नाही."

पहाट होती, डिसेंबरातली. धरणाच्या पाण्यावरून असा गारठा येत होता की दात वाजत होते. माझ्या शेजारी मृण्मयी जागच्या जागी उड्या मारत होती.

"हे एवढं कुणासाठी चाललंय?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी एकानं दोन मेहुणे डोंगरावर आधीच नेऊन ठेवले होते. त्यांनी आळीपाळीनं त्याची बॅग वाहिली. हा आपला हात हलवत पळत आला आणि तिसरा नंबर घेऊन गेला."

"हुशार आहे," म्हटलं. "माझ्या गाडीत असता तर मिशा काढून हाफ तिकिटावर बसला असता."

मी तेव्हा सातारा डेपोला कंडक्टर होते. आता निवृत्त झाले, पण गर्दी दिसली की अजून तोंडातून "पुढे सरका" निघतंच. चव्वेचाळीस ओलांडलेली बाई डोंगरातून पन्नास किलोमीटर पळायला का उभी राहिली, असं तेव्हाही लोक विचारायचे. मृण्मयी दातांची डॉक्टर. माझी दाढ काढताना आमची ओळख झाली. तोंडात कापूस असल्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याबरोबर घाटात पळायला लागले, असं मी सगळ्यांना सांगायचे. ते बऱ्यापैकी खरंही आहे. पळायला लागले ते तिच्यामुळे. पण ही शर्यत मी घेतली ती माझ्या भावामुळे, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या मालकांनासुद्धा नाही.

झालं होतं असं, की मृण्मयीच्या दवाखान्यात तिनं मला मोबाईलवर शर्यतीचा नकाशा दाखवला. जावळीच्या खोऱ्यातले डोंगर, त्यावरून गेलेली लाल रेघ, आणि त्या रेघेवर बारक्या अक्षरात आंबेमुरा. मुरा म्हणजे डोंगरमाथ्यावरची वस्ती. आंबेमुरा म्हणजे माझं माहेर. पंधरा-वीस घरं, एक भैरोबाचं देऊळ, पुढं मोठा कातळाचा सडा. ती लाल रेघ कुठून जाणार, हे मला नकाशा न बघताही सांगता आलं असतं. देवळावरून पुढं निघालेली वाट आमच्या अंगणाला घासूनच सड्यावर जाते. दुसरी वाटच नाही.

"मला हीच पळायचीय," मी म्हटलं.

"ताई, पन्नास आहे. तुम्ही अजून एकवीसच्या पुढं गेलेल्या नाहीत."

"मग जाते."

त्या घरात मी आठ-नऊ वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. भाऊ म्हणजे हणमंत, माझा दादा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्यानंच माझं लग्न लावून दिलं, त्यानंच बाळंतपणाला नेलं. वाकडं आलं ते सड्यावरून. पुण्याची कोणी पार्टी आली, त्यांना सड्यावर पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. दादाच्या थोरल्याला मुंबईत खोली घ्यायची होती, म्हणजे दादाला गरज खरी होती. जमीन वडिलांची, म्हणून माझी सही लागणार होती. आई जाऊन दहा दिवस झालेले. दहाव्याचं जेवण झाल्यावर दादानं कागद माझ्यापुढं ठेवला आणि एका जागी बोट ठेवून म्हणाला, "हितं कर."

एवढंच. हितं कर. एसटीत चढणारा अनोळखी माणूससुद्धा "एक मेढा द्या" म्हणतो. मला माझ्या भावानं तेवढंही विचारलं नाही. मी म्हटलं, "नाही करत." तो म्हणाला, "मग ह्या उंबऱ्याला परत पाय लावू नगंस. मी बोलवायचा न्हाई." मी म्हटलं, "बोलावल्याशिवाय यायची नाही मीसुद्धा." पार्टी गेली, सडा तसाच राहिला, आणि आम्ही दोघंही ज्ञानू शेलाराचीच पोरं, तेव्हा कुणीच मागं हटलं नाही. दिवाळी आली की मालक साडी आणून द्यायचे आणि वर म्हणायचे, "घे, ह्या वर्षीचा भाऊ मीच." मी हसायचे आणि मोरीत जाऊन डोळे धुवायचे.

न बोलावता माहेरी जाणार नाही, असं म्हटलं होतं ना? मग गेले नसतेच. पण शर्यतीची वाटच अंगणातून जात असेल तर त्याला मी काय करणार? मी पळत जाईन, मान वर करून, त्याच्या डोळ्यांसमोरून. त्यानं बघायचं. बघून त्यानं हाक मारली तर मारली. नाही मारली तर ते नातं संपलं असं समजायचं आणि परत त्याचं नाव काढायचं नाही. वर्षभर घाट चढताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. डेपोत सगळे म्हणत होते, मालनताई, मेडल आणा, कंट्रोलरच्या खिडकीवर टांगू. मी हो म्हणत होते. मेडलही हवंच होतं. वर्षभर पहाटे उठून, ड्यूटी सांभाळून, पायाची नखं काळी करून घेतली होती, ती काही फुकट नाही.

सुटल्यावर पहिले दोन डोंगर बरे गेले. गवत वाळून पिवळं झालेलं, कारवीच्या जंगलातून वाट, मधेच खाली धरणाचं पाणी दिसायचं. चढाला चालायचं, सपाटीला पळायचं, उताराला गुडघे सांभाळायचे, एवढीच ती विद्या. मृण्मयी पुढं जाऊन थांबायची, मी पोचले की परत निघायची. बोलायला दम नव्हता, नाहीतर मी गप्प बसणारी नव्हे.

आंबेमुऱ्याच्या चढाखाली ती म्हणाली, "ताई, चारच्या आत खिंडीत पोचायला हवं. त्यानंतर आलेल्यांना तिथंच थांबवतात. तुम्ही जरा हळू झालाय. पाय दुखतोय का?"

"नाही. तू पुढं हो."

"सोबत जाऊ की."

"हो म्हणते ना पुढं. मला इथं सोबत नको."

तिनं माझ्याकडं बघितलं. तोंड उघडून आत बघायची सवय असलेली बाई ती, पण तिनं काही विचारलं नाही. "खिंडीनंतर उतारच आहे. शेवटाला भेटू," म्हणाली आणि गेली.

तो चढ मी लहानपणी डोक्यावर लाकडं घेऊन चढले होते. त्या दिवशी मोकळ्या हातानं चढताना छाती फुटेल असं वाटत होतं, आणि ते चढामुळं नव्हतं.

देवळापुढं पाण्याची सोय केली होती. टेबलावर उकडलेले बटाटे, मिठाची वाटी, संत्र्याच्या फोडी. मुऱ्यातल्याच बायका पाणी देत होत्या. मी ग्लास घ्यायला हात पुढं केला आणि देणारा हात तिथंच थांबला. वैनी होती. दादाची बायको. केस पिकलेले, बाकी तीच.

"मालन?" ती म्हणाली. "अगं, ह्या कपड्यात?"

"मग काय नऊवारी नेसून पळू?"

ती हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. मला म्हणाली, "घरला चल. भाकरी टाकती."

"त्यानं बोलावलंय का?"

"मी बोलीवती नव्हं का?"

"तुझं नाव नाही घेतलं, वैनी. तुझ्यावर माझा राग कधीच नव्हता. त्यानं बोलावलंय का, ते सांग."

तिनं मान खाली घातली. "त्येस्नी ठावं हाय, साताऱ्याची माणसं पळत्याली म्हणून. सकाळधरनं अंगणात बसल्यात. एकदा इचारलं, ह्यात बायाबी असत्यात का? म्हटलं, असत्यात. मग काय बोललं न्हाईत."

मी पाणी प्यायले. कुठं गेलं ते कळलंसुद्धा नाही. बटाटा हातात घेतला आणि तसाच ठेवला. मग केस सारखे केले, छातीवरचा नंबर ओढून सरळ केला आणि पळायला लागले. लग्नात मंडपात जातानाही मी एवढी सावरले नव्हते.

दादा अंगणात होता. खळ्यावर नाचणी पसरलेली, तो पाटावर बसून सूप घेऊन पाखडत होता. टोपी तीच, बंडी तीच, फक्त माणूस त्यात बारीक झाला होता. माझ्या पावलांचा आवाज त्याला ऐकू गेलाच असणार, कातळावर बूट चांगले वाजतात. त्यानं मान वर केली. मला बघितलं. अगदी नीट बघितलं. आणि परत खाली मान घालून सूप हलवायला लागला.

मी अंगणावरून गेले. मान वर होती, ठरवल्याप्रमाणं. घर मागं पडलं, गोठा मागं पडला, आंब्याचं झाड मागं पडलं. हाक आली नाही. म्हटलं, झालं मालन. संपलं. ह्यासाठी वर्षभर ऊर फोडलास. आता निदान मेडल तरी घे. पण मी पळत होते की चालत होते ते मलाच सांगता आलं नसतं.

मागून वहाणांचा आवाज आला.

"थांब."

मी थांबले. वळले नाही.

"पिशवी दे हिकडं."

आता आमच्या मुऱ्याची एक रीत सांगायला हवी. माहेरवाशीण सासरी निघाली की भाऊ तिची पिशवी घेऊन पुढं चालतो, ती मागं. सड्याच्या टोकाला शिवेचा धोंडा आहे, तिथंपर्यंत. तिथं तो पिशवी तिच्या हातात देतो आणि मग तिनं जायचं. आपली पिशवी आपणच घेऊन मुऱ्यातून निघालेली बाई म्हणजे जिला मागं कुणी नाही अशी बाई. वडील होते तोवर ते यायचे, त्यांच्यानंतर दादा. दहाव्याला मी निघाले तेव्हा माझी मीच पिशवी घेऊन शिवेपर्यंत गेले होते. सगळा मुरा दारात उभा राहून बघत होता.

आणि माझा भाऊ असा, की यायला सांगायचा नाही, पण पोचवायला आला. बोलवणार नाही असं म्हणाला होता, ते त्यानं पाळलं. पोचवणार नाही असं काही तो म्हणाला नव्हता.

"नको दादा," मी म्हटलं. तिथं गेले की माझी जीभही तिथलीच होते. "ह्यात चालत न्हाई तसलं."

"कशात?"

"शर्यतीत."

"तुझ्या शर्यतीचं मला काय ठावं? दे म्हणतो नव्हं."

निंबाळकरांचा भोंगा माझ्या कानात होताच. नियम मला समजत नव्हता असं मी म्हणणार नाही. हाताची बोटं छातीवरच्या पट्ट्याच्या क्लिपवर होती. दाबली की बॅग सुटते. मी दाबली. त्या क्षणी मी शर्यतीचा विचार केला का? केला. आणि तरी दाबली.

त्यानं बॅग घेतली, एका खांद्यावर टाकली आणि पुढं चालायला लागला. मी त्याच्या मागं. माझं अंग सवयीनं पळायला गेलं तसा तो मागं न बघता म्हणाला, "पळू नगंस. माहेरातनं पळत जात्यात व्हय कुणी? माणसं बघत्यात."

"येळ जातोय माझा."

"जाऊ दे."

मग मी चालले. सडा मोठा आहे, उन्हात कातळ तापला होता. दादा उजव्या पायानं थोडा लंगडत होता.

"पायाला काय झालं?"

"गुडघा धरलाय. म्हशी इकल्या त्येच्यामुळं. होत न्हाई." थोडं चालून म्हणाला, "काय भरलंयस गं हिच्यात? दगडं?"

"पाणी."

"का? आमच्यात पाणी देत न्हाईत व्हय?"

"नियम हाय."

"लई नियमाची झालीस."

सड्याच्या मध्यावर आलो तसा तो जरा थांबला. पार्टीच्या लोकांनी तेव्हा खुणा करायला चुन्यानं रेघा मारल्या होत्या, त्या कधीच धुऊन गेल्या होत्या. तो मात्र तिथंच थांबला, जणू त्याला दिसत होत्या.

"इचारलं असतं तर दिली असतीस सही?"

"ठाऊक न्हाई," मी म्हटलं. "खरंच ठाऊक न्हाई. दिलीही असती. पण इचारायला हवं हुतं दादा. तू बोट ठेवलंस नुसतं."

तो परत चालायला लागला. मला वाटलं, बिघडलं. आता शिवेवर बॅग टाकेल आणि निघून जाईल. मी तरी कुठं गप्प बसायचं ते शिकलेच नाही.

मग तो म्हणाला, "पळतीस कशापायी? ह्या वयात?"

"असंच."

"असंच कोण पळतंय? मागं वाघ लागलाय का?"

डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तो पुढं होता म्हणून मला कसलीच लाज नव्हती. म्हटलं, "वाट हितनं हुती म्हणून पळती. दुसरीकडनं असती तर आले नसते. हितनं जाता यावं म्हणून वर्षभर पळती हाय."

तो वळला नाही, थांबलाही नाही. त्याची पाठ, त्यावर माझी ती भडक केशरी बॅग, आणि टोपी. एवढंच मला दिसत होतं.

शिवेच्या धोंड्याच्या वर, चढावर, शर्यतवाल्यांची एक फोटो काढणारी मुलगी गुडघ्यावर बसली होती. ती येणाऱ्या प्रत्येकाचे फोटो काढत होती, आमचेही काढत होती. मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. धोंड्याजवळ दादा थांबला. मी पुढं होऊन हात केले, पण तो माझ्या मागं गेला आणि लहान पोरीला दप्तर चढवावं तशी मागूनच माझ्या खांद्यांवर बॅग चढवली. पट्टे ओढले. जरा जास्तच ओढले.

"जा आता," म्हणाला. "आता पळ."

मी क्लिप लावून वळून बघितलं तोवर तो परत निघालासुद्धा होता. लंगडत, पण भराभर. मी हाक मारली नाही. त्यानं रीत केली होती, त्यावर मी आणखी काय मागायचं?

तिथून पुढं मी जी पळाले, तशी आयुष्यात कधी पळाले नाही. कारवीतून, ओढ्यातून, करवंदीच्या जाळ्यांत कोपर फाडून घेत. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि वाटेत भेटलेल्या एका इंजिनिअरला मी मोठ्यानं म्हटलं, "सरका पुढं, मागं जागा नाही." तो बिचारा बाजूला झाला. बॅगेचं काय, हा विचार एकदा मनात आला. म्हटलं, कोण बघतंय सड्यावर? त्या मुलीकडे कॅमेरा होता, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

खिंडीत पोचले तेव्हा चार वाजायला थोडासा वेळ होता. अजून माणसं पुढं सोडत होते. पुढं फक्त उतार, आणि खाली पाण्याच्या काठाला शेवटची कमान दिसत होती. मंडपातून गाणी ऐकू येत होती. पाय कितीही गेले असते तरी त्या उतारानं मला खाली नेलंच असतं. मी पाणी घेतलं, निघणार, तेवढ्यात निंबाळकर समोर आले. स्वतः. हातात भोंगा नव्हता, मोबाईल होता.

"मालनताई, जरा बसता का?"

"बसले तर उठायची नाही. उभ्यानंच सांगा."

"तसं फार काही नाही." ते मला बाजूला घेऊन गेले. निंबाळकर चांगला माणूस. सैन्यातून लवकर निवृत्त होऊन ही शर्यत सुरू केलेला. आवाज मोठा, पण तो भोंग्यातच. "आमच्या फोटोवाल्या मुलीनं एक फोटो ग्रुपवर टाकलाय. तिला आवडला म्हणून टाकला, तिचा हेतू काही वाईट नव्हता. फोटो खरंच सुंदर आहे. पण टाकल्या टाकल्या चार जणांनी विचारलं, ह्या बाईंची बॅग त्या माणसाकडं कशी?"

मी बॅगेचा पट्टा चाचपला.

"आता ऐका. नियम तुम्हाला माहीत आहे. पण हा भाग मलाही माहीत आहे. गावातलं एखादं वडीलधारं माणूस येतं, आपणहून हातातलं ओझं घेतं, तुम्ही दमलेल्या असता, नाही म्हणता येत नाही. ह्यात तुमचा काही दोष नाही. गावकऱ्यानं आपुलकी दाखवली, मी तसं त्या चौघांना कळवतो, विषय संपला. माझी अडचण एकच. आपलं माणूस असेल तर मला चालवून घेता येत नाही. गेल्या वर्षी मेहुण्यांवाल्याचा नंबर मागाहून काढून घेतला, मग तुम्हाला कसं ठेवू?" त्यांनी मोबाईल माझ्याकडं दिला. "तेव्हा एवढंच सांगा. हा कोणी तुमच्या ओळखीचा नाही ना?"

प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं त्यांनी. मला फक्त मान हलवायची होती. खाली कमान होती, मेडल होतं, डेपोतली खिडकी होती. आणि खोटं तरी कितीसं? आठ-नऊ वर्षं आम्ही एकमेकांना ओळख देतच नव्हतो की.

मी फोटो बघितला. मुलगी चढावर बसली होती, म्हणून तो समोरून घेतलेला होता. पुढं दादा, मागं मी, भोवती सगळा पिवळा सडा. मी सबंध वाटेत त्याची पाठ बघितली होती. फोटोत त्याचं तोंड होतं.

दादा रडत होता. डोळ्यांत पाणी आलंय असं नाही. तोंड वाकडं करून, ओठ दाबून, हुंदके आवरत रडत होता, पोरगं रडावं तसा. गालांवरून पाणी मिशीत उतरलेलं दिसत होतं. एका हातानं माझ्या बॅगेचा पट्टा घट्ट धरला होता. आणि त्याच्या मागं मी, खाली बघत चाललेली. मला काहीच माहीत नाही.

वडील गेले तेव्हा मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही.

"ताई?" निंबाळकर म्हणाले. "अनोळखी आहे ना?"

"माझा भाऊ आहे," मी म्हटलं.

त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मला नीट ऐकू आलं नाही, असं धरून चालू. मी परत विचारतो. शांतपणे सांगा."

"ऐकू आलं नसेल तर मोठ्यानं सांगते," मी म्हटलं, आणि माझा आवाज एसटीत मागच्या बाकापर्यंत जाणारा, तो लावला. "हणमंत ज्ञानू शेलार, मुक्काम आंबेमुरा. माझा सख्खा भाऊ. मला शिवेपर्यंत पोचवायला आला होता."

खिंडीतले सगळे वळून बघायला लागले. बघू देत. मी छातीवरचा नंबर चारही टाचण्या काढून सोडवला आणि निंबाळकरांच्या हातात दिला.

"तो फोटो तेवढा मला पाठवा," म्हटलं.